तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघा बदलला, मग दुखलं नाही का?

भुसावळची मैत्रीण असो की अमळनेरची नणंद, गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की सगळ्या हेच विचारतात, ऑपरेशननंतर ती गुंगी आणणारी दुखण्याची गोळी न घेता निभावलं कसं? विचारणारीचा स्वतःचाच गुडघा कुरकुरत असतो, ते वेगळं.

दुखलं ना, खोटं कशाला सांगू. फक्त दुखायची वाट बघत बसले नाही. ऑपरेशनच्या वेळी मांडीत ब्लॉकचं, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन दिलेलं असतं त्यामुळे सुरुवातीला वाटतं अरे काहीच नाही, आणि ते उतरलं की मग कळतं! म्हणून आधीपासूनच पॅरासिटामॉल घड्याळ लावून, दुखो न दुखो, जोडीला सूज उतरवणारी सेलेकॉक्सिब, दोघींचं काम वेगळं म्हणून ट्रामाडॉलवर, म्हणजे त्या गुंगीवाल्या गोळीवर, बऱ्याचदा वेळ येत नाही. आली तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्या, त्यात कमीपणा काही नाही, पण चक्कर, मळमळ आणि पोट साफ न होणं हे सगळं वॉकर धरून सोसायचं म्हणजे कठीणच.

व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी ठरलेल्यातलीच गोळी, नंतर पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ. उशी टाचेखाली घ्या, गुडघ्याखाली नको, बरं वाटतं पण पाय वाकडाच राहतो.

आता महत्त्वाचं. भाच्याने प्रेमाने मेडिकलमधून "भारीतली" गोळी आणली, सुनेने पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली तर अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र! म्हणजे पॅरासिटामॉल डबल आणि सूज उतरवणाऱ्या दोन गोळ्या एकाच पोटात. पॅरासिटामॉल दिवसाला सगळं धरून ४ ग्रॅमच्या वर नाहीच, वय झालेल्यांना डॉक्टर कमीच सांगतात. सुजेच्या गोळीचा ताण किडनीवर, बीपीवर, पोटावर येतो, आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर रक्तस्रावाचीही भीती, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघूनच देतात. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला, पाणी कमी पडलं की किडनीला आणखीच त्रास. उपाशीपोटी तर घेऊच नका, दोन घास खिचडी तरी खा. बीपी, शुगर, हार्टवाल्यांनी माझी चिठ्ठी मागूच नये, मी देतच नाही.

किती दिवस? दिवसाचं दुखणं लवकर कमी होतं, रात्रीचं काही आठवडे छळतं. पण पोटरी एकदम सुजली, गरम लागली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर गोळी वाढवत बसू नका, तसंच हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.