ह्यूपियाच्या गावाला, युहान्नुसच्या दिवशी

म्युल्युकोस्कीच्या स्टेशनवर मी एकटाच उतरलो. गाडी कोत्काच्या दिशेने निघून गेली आणि दहा मिनिटं चाललो तरी रस्त्यावर माणूस दिसेना. घरांच्या दारांशी दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडं बांधलेली, काठ्यांवर निळ्या क्रॉसचे झेंडे, आणि बाकी सगळं बंद. दिवस निवडताना माझी चूक झाली होती. 20 ते 26 जूनच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी फिनलंडमध्ये युहान्नुस असतो. त्या दिवसांत अख्खा देश तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरात जातो, सौना (वाफेची खोली) तापवतो, आदल्या संध्याकाळी मोठ्या होळ्या पेटवतो. एस्पोमध्ये तीन वर्षं नोकरी करून हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सुट्टी तीच होती, आणि मला लिवरपूलच्या फिनिश बचावपटूचं, सामी ह्यूपियाचं, मैदान बघायचं होतं.

हे वेड दादाचं. दादा कोल्हापुरात फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळायचा. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारनंतर घराघरातली पोरं गायब. पण गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात, स्टॉपरला नाही. चेंडू सुटला तर शिव्या मात्र त्यालाच. म्हणून केबलवर लिवरपूलच्या मॅचेस दिसायला लागल्या तेव्हा सगळे ओवेन आणि जेरार्डकडे बघत होते आणि दादा मात्र त्या सोनेरी केसांच्या उंच माणसाकडे. “बघ, तो पळतच नाही. चेंडू यायच्या आधी तिथं उभा असतोय,” असं म्हणायचा. पुढे दादाचा गुडघा गेला, खेळ सुटला. ह्यूपियाचं नाव घरात राहिलं.

साविनिएमीचं मैदान सापडायला वेळ लागला नाही. फाटक बंद होतं. कुलूप.

मी दीड तास रेल्वेने कोउवोलाला आलो, तिथे पुढच्या गाडीसाठी ताटकळलो, आणि समोर कुलूप. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. जाळीला नाक लावून उभा राहिलो. आत रिकाम्या जागा, रिकामा गोलपोस्ट, आणि कुठूनतरी कुकू ओरडत होती. आपली कोकिळा नव्हे, पण तिच्याच कुळातली. फिनलंडमध्ये ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा गावाकडची आठवण येऊन मी थांबलो होतो, तसाच आताही थांबलो.

याच मैदानावर तो 1992 ते 1995 खेळला. क्लबचं नाव म्युपा, म्हणजे म्युल्युकोस्कीचा चेंडू-संघ. गाव कागद गिरणीचं, क्लबही गिरणीच्याच आधाराने वाढलेला. 1992 साली यारी लितमानेन इथे होता, आणि त्या वर्षी म्युपाने फिनिश चषक जिंकला. लितमानेन तिथून आयाक्सला गेला आणि युरोपभर गाजला. ह्यूपिया मागे राहिला, 1995 ला पुन्हा चषक जिंकला, आणि मग बाहेर पडला. न्यूकॅसलमध्ये चाचणी देऊन आला, पण त्यांनी घेतलं नाही. मग हॉलंडमधल्या टिलबर्गचा विलेम टू. चार वर्षं तिथे. शेवटच्या मोसमात, 1998-99 मध्ये, या संघाने डच लीगमध्ये दुसरा नंबर मिळवला आणि चॅम्पियन्स लीगचं तिकीट काढलं. कप्तान ह्यूपिया.

लिवरपूलला त्याची खबर टीव्हीच्या एका कॅमेरावाल्याने दिली असं सांगतात. युरोपभर मॅचेस चित्रित करणारा तो माणूस क्लबच्या कचेरीत गेला आणि म्हणाला, हा फिनिश बॅक बघा. 1999 ला 26 लाख पौंडांत सौदा झाला. तेव्हाच्या भावातही ही रक्कम किरकोळ होती. त्या पैशांत दहा वर्षं, 464 सामने, 35 गोल. स्टॉपरचे 35 गोल!

जाळीपाशी किती वेळ होतो कोण जाणे. मागून कुत्र्याच्या साखळीचा आवाज आला. सत्तरीतले एक आजोबा, अंगात निळी जर्सी, पायांत रबरी बूट. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या लाल टी-शर्टकडे. पाठीवर 4 आकडा. दादाने पाठवला होता, खास आजच घातला होता.

“लिवरपूल?”

“हो. ह्यूपिया.”

त्यांनी मान हलवली. हसले नाहीत. इथली माणसं अशी लगेच हसत नाहीत, याचा मला पहिल्या वर्षी फार त्रास झाला. लिफ्टमध्ये शेजारी बोलत नाही, बसमध्ये कुणी जवळ बसत नाही, मला वाटायचं आपल्यालाच टाळतात. आता तसं वाटत नाही. आजोबांनी कुत्र्याची साखळी खांबाला अडकवली, उजवा हात आपल्या डोक्याच्या बराच वर नेला आणि तिथे सपाट धरला. इतका उंच. मग ओल्या वाळूत बुटाच्या टोकाने एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे उभे राहिले. डावीकडे बोट दाखवलं, म्हणजे चेंडू तिकडून येतोय. आणि चेंडू ‘यायच्या’ आधी एक पाऊल मागे, अर्धं पाऊल बाजूला सरकले. बस एवढंच. मान किंचित पुढे केली, हेडर मारला.

मी बघतच राहिलो. दादा पंचवीस वर्षं मला शब्दांनी जे सांगत होता ते या माणसाने दीड पावलात दाखवलं.

तोडक्यामोडक्या इंग्रजीत कळलं ते असं: ते कागदाच्या मशीनवर कामाला होते, आयुष्यभर. 2011 च्या डिसेंबरात गिरणी बंद झाली. म्युपाचे घरचे सामने त्यांनी चुकवले नाहीत. 2005 ला म्युपा देशाचा विजेता झाला तेव्हा ते इथेच होते. पण पैसा आटला, 2015 मध्ये क्लब वरच्या लीगमधून बाहेर पडला आणि नंतर खालच्या पायरीवरून पुन्हा सुरू झाला. हे सांगताना त्यांनी गिरणीच्या दिशेला बघितलं नाही, मैदानाकडेच बघितलं.

माझी परतीची गाडी दोन तासांनी होती. आजोबांनी घड्याळ बघितलं, “नो नीन” म्हणाले (या दोन शब्दांत फिन माणूस चला, झालं, ठीक, अरेरे, सगळं म्हणतो) आणि आपल्या मोटारीकडे चालू लागले. मागच्या सीटवर कुत्रा, पुढे मी. थर्मासमधून कॉफी, आणि वेलदोड्याची पुल्ला, म्हणजे गोड पाव. वेलदोड्याचा वास आला आणि मला एकदम दिवाळी आठवली. चार तासांत पोटात काही नव्हतं. मी दोन खाल्ल्या, त्यांनी न विचारता तिसरी पुढे केली.

त्यांनी मला सरळ कोउवोलाला सोडलं नाही. न सांगता कूसानकोस्कीवरून वोइक्काला नेलं. ह्यूपिया वाढला ते हे गाव. सकाळी बस मिळाली नाही म्हणून मी ते सोडूनच दिलं होतं. जन्म पोर्वोचा, 7 ऑक्टोबर 1973, पण बालपण इथलं. आई-वडील दोघंही फुटबॉल खेळायचे. वोइक्काची कागद गिरणी 2006 ला बंद झाली. क्युमियोकी नदी मात्र तशीच, रुंद, गप्प, काळ्या पाण्याची. दोन गिरण्या गेल्या, नदी आपली वाहते आहे. आम्ही काठावर उभे राहिलो. डासांनी मला फोडून काढलं. आजोबा हलले नाहीत.

इथून निघालेला मुलगा 2001 ला एकाच मोसमात लीग कप, एफए कप आणि युएफा कप उचलणाऱ्या संघाच्या बचावाचा कणा होता. शेजारी स्वित्झर्लंडचा आंशो. 2003 मध्ये कप्तानपद त्याच्याकडून काढून जेरार्डला दिलं. त्याने तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही, आणि मला आजही तो प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. 2005 च्या एप्रिलमध्ये युवेंटसविरुद्ध कॉर्नरवर डाव्या पायाने मारलेला तो हवेतला गोल दादाने टेप करून ठेवला होता. मग इस्तंबूल, त्याच मोसमातली चॅम्पियन्स लीगची फायनल. आमच्याकडे रात्रीचे सव्वाबारा. हाफ टाइमला मिलान 3-0 ने पुढे, आई म्हणाली झोपा आता. दादा उठला नाही. सहा मिनिटांत लिवरपूलचे तीन गोल झाले, आणि ह्यूपिया पूर्ण 120 मिनिटं मैदानावर उभा. लिवरपूलने पेनल्टी शूटआउट जिंकलं तेव्हा दादा रडत होता.

देशासाठी मात्र त्याच्या वाट्याला मोठी स्पर्धा आली नाही. 105 सामने खेळला. 2007 च्या नोव्हेंबरात युरोला, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेला, पात्र ठरायचं तर पोर्तोमध्ये फिनलंडला जिंकायलाच हवं होतं, पोर्तुगालशी 0-0 झालं. फिनलंड पहिल्यांदा युरोला पात्र ठरलं ते 2019 मध्ये, तो निवृत्त होऊन आठ वर्षं झाल्यावर. हे आठवलं की मला अजून राग येतो. कुणावर ते माहीत नाही.

आजोबांना मी हेच विचारलं, पोर्तो आठवतं का. त्यांनी डोळे मिटले. उत्तर दिलं नाही.

संध्याकाळचे सहा वाजले होते, ऊन दुपारसारखंच. कोल्हापुरात साडेआठ. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो अंगणात बसला होता, गुडघ्याला तेल चोळत.

“कुठं हाईस रं?”

“वोइक्का. ह्यूपियाचं गाव.”

तो काहीच बोलला नाही. मी फोन नदीकडे फिरवला, मग आजोबांकडे. त्यांना मराठी कळत नव्हतं, दादाला फिनिश. आजोबांनी पडद्यात नीट बघितलं, उजवा हात डोक्यावर उंच नेला आणि सपाट धरला. दादा खुर्चीतून उठला, दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत, आणि त्याने रेघेच्या मागे घेतात तसं अर्धं पाऊल मागे घेतलं.