आमची वाटचाल: पाळ, सांडवा आणि थकलेलं बिल

आमचा धंदा म्हणजे लोकांच्या खासगी तळ्यांचे मातीचे बंधारे तपासणं आणि दुरुस्त करणं. मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यात रिसॉर्ट, फार्महाऊस आणि कृषी पर्यटनवाले वाढले, तसं प्रत्येकाला तळं हवंसं झालं. ओढा अडवा, सात-आठ मीटरची पाळ घाला, चार पेडल बोटी सोडा, झालं. पाळ घालून देणारे गल्लोगल्ली आहेत. दहा पावसाळे खाल्ल्यावर ती कुठल्या अवस्थेत आहे हे बघणारे आमच्या भागात दोनच. एक आम्ही. दुसऱ्यांचं नाव लिहीत नाही, धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागणार नाही.

वडील मातीकाम शिकले ते 1972 च्या दुष्काळातल्या पाझर तलावांवर. पुढे त्यांनी जुन्यात घेतलेला, ट्रॅक्टरमागे ओढायचा शीपफूट रोलर (ड्रमवर पायांसारखे खुंट असलेला) हेच आमचं पहिलं भांडवल. तो अजून यार्डात आहे आणि चालतो. नवी पोरं हसतात, पण पाळीच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या गाभ्याच्या काळ्या मातीला त्याच्याइतकं कुणी बसवत नाही. सुरुवातीला त्याचे पाय खोल रुततात. थर दबत गेला की रोलर हळूहळू वर येतो आणि शेवटी पायांच्या टोकांवर चालायला लागतो. ते दिसलं की थर बसला. वडिलांना तेवढं पुरायचं. मी त्यावर कोअर कटर मारून, म्हणजे नळीने मातीचा नमुना काढून, घनता काढतो, प्रॉक्टरशी, म्हणजे त्याच मातीच्या प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेशी, ताडून बघतो, आणि आकडा बहुतेक वेळा वडिलांच्याच बाजूने लागतो. गुळगुळीत ड्रमने दाबलेल्या थरावर दुसरा थर नुसताच पडून राहतो, चिकटत नाही. पाण्याला मधून वाट मिळते. पोकलेनच्या बकेटने थोपटून पाळ घालणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरं भांडवल म्हणजे आमचे मुकादम. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. हातातली सळई पायथ्याशी खुपसून ते सांगायचे, ‘दादा, हितं आतून मऊ लागतंय.’ उंची बघायची ऑटो लेव्हल, पाळीतल्या पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर, सगळं नंतर आलं.

आणि तिसरे डॉक्टरसाहेब. कामशेतच्या पुढे त्यांची जमीन, तिच्यात छोटं तळं. त्यांच्या पाळीच्या पायथ्याला आम्ही पाझर मोजायला पत्र्याची व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच, बसवून दिली. दर रविवारी नॉचवरची पाण्याची उंची आणि तळ्याची पातळी ते वहीत लिहितात, पेशंटचा केसपेपर लिहावा तसं. नव्वद अंशाच्या नॉचवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाझर. दहा सेंटिमीटर झालं तर दुप्पट नव्हे, पाचपटीहून जास्त. एका पावसाळ्यात तळ्याची पातळी तीच, पण नॉच चढत गेली. डॉक्टरांनी काचेच्या ग्लासात पाणी धरलं. तळाशी गाळ बसला. मला फोन आला, ‘अरे, हे गढूळ आहे. लगेच ये.’ विमोचकाच्या, म्हणजे तळ्यातलं पाणी सोडायच्या, पाइपालगतची माती सुटत होती. आम्ही तळं उतरवलं आणि पायथ्याला आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी, असा फिल्टर घालून वर दगडी भार दिला. पाझर बाहेरून बुजवायचा नसतो, पाणी येऊ द्यायचं आणि माती अडवायची. आमचे प्रतिस्पर्धी अशा जागी सिमेंटचं स्लरी ओतून डाग झाकतात. मालक खूश होतो, कारण ओल दिसेनाशी होते. आत दाब वाढत राहतो ते त्याला दिसत नाही.

मधली वर्षं बरी गेली. कामं येत गेली, पोकलेन आला, त्याचं कर्जही आलं.

मग 2018 साली मुळशीकडचं एक रिसॉर्ट. तोवरचं आमचं सगळ्यात मोठं काम. पिचिंग (पाण्याकडच्या उतारावरचं दगडी अस्तर) निघालेलं, पाळीवर बांबू आणि गुलमोहर, माथ्यावर गझिबो, दिव्यांच्या केबलसाठी माथ्यातूनच चर खणलेला. उताराला हिरवंगार लॉन आणि वर स्प्रिंकलर. आता ओल पाझराची की नळाची, सांगा. आम्ही झाडं मुळासकट काढली, कारण बुंधा कापला तरी मुळं कुजून आत नळ्या तयार होतात. पिचिंग नव्याने केलं, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, रुंद करून बांधला. तपासणीला मालक आले आणि म्हणाले, ‘तळं भरलेलं दिसत नाही. बोटीतून उतरताना गेस्टना चिखल लागतो. सांडवा दोन फूट वर घ्या.’

सांडव्यावर सव्वा मीटर पाणी चढायला जागा ठेवली होती. त्यातली अर्धी घालवली तर सांडव्याची वहनक्षमता निम्मी होत नाही, जेमतेम तिसरा हिस्सा उरते. हे मी त्यांना कागदावर मांडून दिलं. अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणाची गोष्टही सांगितली. पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबचं मासेमारीचं आणि बोटिंगचं तळं. कार्नेगी आणि फ्रिक त्या क्लबचे सभासद. पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकलेले, ते क्लबने परत बसवले नाहीत. घोडागाड्यांसाठी माथा खाली घेतला, मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. 31 मे 1889 ला धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये 2209 माणसं गेली. मालक म्हणाले, ‘ते अमेरिकेत. इथे तुम्ही बिलाचं बोला.’

मी नकार दिला. पंधरवड्यात आमचे प्रतिस्पर्धी आले. त्यांनी सांडव्यावर खाचा पाडून लाकडी फळ्या बसवल्या आणि वर मासे अडवायला जाळीसुद्धा! आमचं बिल ‘काम अपूर्ण’ म्हणून अडकलं. पोकलेनचे हप्ते थकले, बँकेने मशीन ओढून नेलं. त्याच मशीनचं पुढे काय झालं आणि ते कुणाच्या साइटवर दिसलं, हे मामांनी मला बरेच महिने सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी फर्म बंदच पडायची. डॉक्टरसाहेबांनी पुढच्या देखभालीचे पैसे आगाऊ पाठवले, वर चिठ्ठी: ‘पावती वर्षाला एक अशी फाडत जा.’

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं. खेकडे बिळं करतात हे खरं, आम्ही दरवर्षी बुजवतो; पण धरण सांभाळायचं काम खेकड्याचं नसतं. त्यानंतर आम्हाला फोन सुरू झाले आणि धंदा परत उभा राहिला. असा उभा राहिला हे सांगायला बरं वाटत नाही.

मुळशीचं ते तळं जुलै 2021 च्या पावसात गझिबोपाशी माथ्यावरून वाहिलं. रखवालदाराने आणि खालच्या वाडीतल्या पोरांनी पहारीने फळ्या फोडल्या म्हणून पाळ वाचली. मागच्या उताराला माणूस उभा राहील एवढी घळ पडली. दुरुस्तीचं काम कुणाला मिळालं? त्यांनाच. आमचं बिल अजून येणं आहे.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. विमोचकाची झडप पाण्याकडच्या तोंडाला बसवा. खालच्या तोंडाला असली तर पाळीतला पाइप बारा महिने दाबाखाली राहतो. पायथ्याखाली शोषखड्डा नको. आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरवरच्या धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्यांना लागू आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणीची सक्ती त्यांना. तुमची आठ मीटरची पाळ त्यात येत नाही, पण खालची वाडी तिच्या वाटेत येते.

आमच्या तपासण्या मार्च ते मे. मे महिन्याच्या तारखा लवकर संपतात, म्हणून फोन होळीच्या आसपासच करा. सांडव्यावर फळ्या असतील तर त्या काढून ठेवा, मगच आम्ही येतो.