गॅरेजमध्ये विमान बांधताय? मग घराच्या विम्यावर विसंबू नका

अमेरिकेत किट (सुट्या भागांचा संच) आणून घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांमध्ये एक समज फार पक्का असतो: गॅरेज घराचाच भाग, घराचा विमा आहेच, म्हणजे आत ठेवलेल्या सामानाचाही विमा आपोआप झाला. हा समज महागात पडतो. घरमालकांकडे सर्रास असणारी एचओ-3 पॉलिसी काढून 'विमा नसलेली मालमत्ता' ही यादी वाचा. त्यात विमान आहे. विमान म्हणजे उडण्यासाठी वापरलेलं किंवा उडण्यासाठी घडवलेलं कोणतंही साधन, अशी त्याची व्याख्या असते आणि सुटे भाग विमानाला जोडलेले असोत वा नसोत, तेही त्यातच धरले जातात. सूट आहे ती माणूस किंवा माल न वाहणाऱ्या मॉडेल विमानांना. त्यामुळे फळीवर पडलेली, एकही रिव्हेट न मारलेली पंखाची रिबसुद्धा (पंखाला आकार देणारी पट्टी) विमा कंपनीच्या लेखी विमानच. कंप्रेसर, ड्रिल, बेंच ग्राइंडर ही घरगुती अवजारं म्हणून सहसा वाचतात, पण किट वाचत नाही. भाडेकरूंच्या पॉलिसीतही साधारण हेच कलम सापडतं, आणि सरकारी पूरविम्यातही विमान वगळलेलं आहे.

म्हणून बांधकाम चालू असलेल्या विमानाचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. तो नेहमीच्या घर-गाडीच्या एजंटकडे मिळत नाही. त्यासाठी विमान विम्याचं काम करणारा ब्रोकर गाठायचा. ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेचाही सभासदांसाठी विमा कार्यक्रम आहे. उडत्या विमानाच्या तुलनेत हप्ता बराच कमी असतो, कारण धोका मुख्यतः आग, चोरी, वादळ, छत किंवा झाड कोसळणं एवढाच. कोटेशन मागताना किटचं नाव व अनुक्रमांक, बांधकामाचा पत्ता, सध्या कुठवर आलंय आणि आज गॅरेजमध्ये किती डॉलरचा माल आहे, एवढं हाताशी ठेवा. एन-नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) अजून घेतला नसला तरी अडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो विम्याच्या रकमेत. किट एकदम येत नाही. आधी शेपटी, मग पंख, मग फ्यूजलाज (विमानाचं धड), मग फिनिशिंग किट, आणि शेवटी इंजिन, प्रॉपेलर, एव्हिऑनिक्स (इलेक्ट्रॉनिक उपकरणं). मालाची किंमत सुरुवातीला हळू वाढते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उडी घेते. समजा शेपटी आणि पंख मिळून 20,000 डॉलरचा माल आहे आणि विमाही तेवढ्याचाच आहे. आता 45,000 डॉलरचं इंजिन दारात उतरलं आणि त्याच आठवड्यात गॅरेजला आग लागली. नुकसान 65,000 चं, पॉलिसीवरचा आकडा 20,000 चा, आणि त्यातूनही डिडक्टिबल (तुम्ही स्वतः सोसायचा हिस्सा) वजा होणार. म्हणून रकमेची वाढ खोका येण्याआधी कळवायची. सोपी पद्धत म्हणजे मोठी ऑर्डर निघाल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी ब्रोकरला नवी रक्कम लिहून पाठवायची आणि त्याच्याकडून सुधारित पान मागून घ्यायचं. फोनवरच्या 'हो, करतो' वर थांबू नका. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नाव दिलेलं चक्रीवादळ जवळ आलं की कंपन्या नवे विमे आणि वाढीव रकमा स्वीकारणं तात्पुरतं थांबवतात. वादळाची बातमी ऐकून फोन केला तर उपयोग होत नाही.

त्या रकमेत नेमकं काय धरलंय, हेही विचारा. साहित्य, इंजिन, उपकरणं धरली जातात. तुमची मेहनत धरली जाईलच असं नाही. दोन वर्षं रिव्हेट मारून तयार केलेला पंख जळाला तर अनेकदा पंखाच्या किटची किंमत मिळते, तुमच्या तासांची नाही. काही कंपन्या मेहनतीचं मूल्य आधी ठरवून रकमेत घेतात, पण ते पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं. आमच्या मते अर्ध्याहून जास्त बांधकाम झालं असेल तर यासाठी थोडा जास्त हप्ता द्यावा. पुन्हा तेवढेच तास घालायची ताकद प्रत्येकात उरत नाही, आणि पैसे हाती असतील तर निदान कुणाचा तरी अर्धवट प्रकल्प विकत घेऊन पुढे जाता येतं.

कशाची भरपाई मिळत नाही, ते आता बघू. स्वतःच्या हातून बिघडलेलं काम कोणीच भरून देत नाही. स्पारमध्ये (पंखाच्या मुख्य तुळईत) भोक चुकीच्या जागी पाडलं, बकिंग बार (रिव्हेटमागे धरायचा धातूचा ठोकळा) निसटून स्किनला (बाहेरच्या पत्र्याला) पोचा पडला, हे विम्याबाहेर. हळूहळू होणारं नुकसानही बाहेर: गंज, बुरशी, उंदीर. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर निळं प्लास्टिक चिकटवलेलं येतं. ते वर्षानुवर्षं तसंच ठेवलं की खाली ओल धरून पत्र्यावर खड्ड्याखड्ड्यांचा गंज चढतो. पत्रे ओल्या पुठ्ठ्याला टेकून ठेवले तरी तेच. इंजिनचं तर याहून नाजूक. साठवणुकीसाठी त्यात खास तेल भरलेलं असतं आणि स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणारे पारदर्शक प्लग असतात. आतले दाणे निळे असतील तर ठीक, गुलाबी झाले की बदलायची वेळ झाली. ते कुणी बघितलं नाही तर कॅमशाफ्ट गंजते आणि तो दावा फेटाळला जातो. म्हणून इंजिन शक्य तेवढं उशिरा मागवा. गंजाचा धोका टळतो, विम्याची रक्कम लवकर फुगत नाही आणि वॉरंटीचे महिनेही खोक्यात पडून वाया जात नाहीत.

आगाऊ भरलेले पैसेही या विम्यात येत नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट या विमानांची किट बनवणाऱ्या कंपनीने चॅप्टर 11 (अमेरिकी दिवाळखोरी कायद्यातलं प्रकरण) खाली दिवाळखोरी संरक्षण मागितलं, तेव्हा किट हाती न आलेल्या ग्राहकांच्या ठेवी टांगणीला लागल्या. पॉलिसी गॅरेजमधल्या मालाची असते, कंपनीकडे अडकलेल्या रकमेची नाही.

दावा मंजूर होणं न होणं बरंचसं कागदांवर अवलंबून असतं, आणि बहुतेक कागद तुम्हाला तसेही ठेवायचेच असतात. प्रायोगिक विमानाचं प्रमाणपत्र घेताना निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यांनी केलंय हे एफएएला (अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाला) दाखवावं लागतं, त्यासाठी बांधकामाची नोंदवही आणि फोटो लागतात. त्याच नोंदवहीत प्रत्येक बिलाची प्रत, इंजिन-प्रॉपेलर-रेडिओचे अनुक्रमांक आणि महिन्यातून एकदा काढलेले गॅरेजचे फोटो जोडा. फोटोत भाग ओळखू येतील असे कोन घ्या. क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) लावलेला सांगाडा दिसला म्हणजे काम कुठवर आलं होतं हे अ‍ॅडजस्टरला (विमा कंपनीच्या नुकसान तपासनिसाला) सांगायची गरज पडत नाही. हे सगळं घराबाहेर, क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे ठेवा. विमानासोबत जळालेली वही काही कामाची नाही.

घराच्या विमा कंपनीला विमान बांधत असल्याचं सांगावं का? सांगावं. आग गॅरेजमधून घरात पसरली आणि तिथे एमईके (एक ज्वलनशील द्रावक), प्रायमर, पेंट साठवल्याचं उघड झालं, तर घराचाच दावा वादात अडकू शकतो. एमईकेची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. गॅरेजमधल्या गॅस वॉटर हीटरची ज्योत जमिनीपासून 18 इंच वर असावी असा नियम आहे तो याचसाठी, पण फवारणी करताना त्या उंचीवर भरवसा ठेवू नका, हीटर बंद करा. रसायनं धातूच्या बंद कपाटात, तेलाची फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात. फायबरग्लासचं विमान असेल तर मिसळलेला इपॉक्सी कपात जाडसर तसाच सोडू नका, तो स्वतःच तापून धूर काढतो. शेजारचं पोर खेळत आलं आणि पत्र्याच्या कडेने हात कापला, तर ती जबाबदारी कोणत्या पॉलिसीवर येते, हे दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या.

वाहतुकीचे प्रश्न दोनदा येतात. पहिल्यांदा किट येताना: खोका सगळ्या बाजूंनी बघितल्याशिवाय ट्रकवाल्याच्या पावतीवर सही करू नका. फळी फुटली असेल तर पावतीवरच तसं लिहा आणि फोटो काढा. आतलं नुकसान नंतर सापडलं तर बहुतेक मालवाहतूक कंपन्या 5 कामाच्या दिवसांत कळवायला सांगतात, म्हणून खोके महिनाभर न उघडता ठेवणं चूक. दुसऱ्यांदा विमानतळावर नेताना: ट्रेलरवरच्या पंखांना गाडीच्या पॉलिसीचं संरक्षण नसतं. प्रवासातलं नुकसान तुमच्या विमान पॉलिसीत आहे का, हे ठरलेल्या दिवसाच्या आधी विचारा आणि बांधकामाचा पत्ता हँगरवर बदलून घ्या. हँगरच्या करारात बहुधा ठरावीक रकमेचा दायित्व विमा आणि त्यात विमानतळाचं नाव जोडण्याची अट असते. जोडणी पूर्ण होण्याआधीच हँगर घ्यायचा असेल तर एफएएचं 2016 चं धोरण उपयोगी पडतं. बिगरव्यावसायिक विमान बांधणं हा हँगरचा हवाई वापरच आहे, असं त्यात धरलंय.

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी पॉलिसी पुन्हा उघडा. बांधकामाचा विमा साधारणपणे विमान स्वतःच्या ताकदीवर हलेपर्यंतच असतो. टॅक्सी चाचणीला (विमान जमिनीवर चालवून बघण्याला) तो लागू नसेल, आणि उड्डाणाला तर नाहीच. पहिल्या उड्डाणाच्या दोन-तीन महिने आधी ब्रोकरशी बोला, कारण आता प्रश्न विमानाचा नसून वैमानिकाचा होतो: एकूण तास किती, त्याच मॉडेलवर किती, टेलव्हीलचा (शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा) अनुभव आहे का. अनेक कंपन्या त्याच जातीच्या विमानात प्रशिक्षकासोबत ठरावीक तास घेण्याची अट घालतात, आणि असा प्रशिक्षक व विमान मिळायला वेळ लागतो. चाचणी उड्डाणांचा पहिला टप्पा प्रमाणित इंजिन-प्रॉपेलर जोडी असेल तर सहसा 25 तासांचा, नाहीतर 40 तासांचा असतो. हे तास विम्यात आहेत ना, आणि पहिलं उड्डाण दुसऱ्या अनुभवी वैमानिकाने केलं तर त्याचं नाव पॉलिसीत हवं का, हे आधीच ठरवून घ्या. नवी पॉलिसी ज्या तारखेला आणि ज्या वेळी लागू होते तो कागद हातात येईपर्यंत चाकांखालचे अडसर काढू नका.