ट्रोलिंग मोटरचं रिमोट स्टिअरिंग, भाग 3: वेग आवरला

ट्रोलिंग मोटर म्हणजे डोंग्याला लावायची बॅटरीवरची छोटी मोटर; ती फिरवली की डोंगा वळतो. मागच्या भागापर्यंत डोंगा रिमोटने वळायला लागला होता, पण फार झटक्याने. मोटर फिरवतो तो 12 व्होल्टचा ॲक्च्युएटर (सळई आत-बाहेर सरकवणारं विजेचं यंत्र), स्ट्रोक म्हणजे सळईची सरक 100 मिमी, वेग सेकंदाला 30 मिमी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वातीन सेकंद. जोडणी मोटरच्या दांड्यापासून 150 मिमीवर असल्यामुळे मोटर सेकंदाला जवळपास 12 अंश फिरते. बटण कितीही हलकं दाबलं तरी तीन अंश जातातच.

खिंडसी तलावावर पुढच्या फळीवर बसलेले बाबा म्हणाले, "काऊन रे, डोंगा असा सापावानी काऊन चालून राह्यला?" त्यांचा उजवा खांदा आखडलाय, मागे वळून टिलर (मोटर वळवायची मूठ) धरता येत नाही. रिमोटचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे, म्हणून हे सुधारल्याशिवाय मला चैन नव्हतं.

आधी जोडणी 200 मिमीवर नेऊन पाहिली. वेग साडेआठ अंशांवर आला, पण दोन्ही बाजूंचं वळण साडेएकोणीसवरून साडेचौदा अंशांवर घसरलं. काठाशी डोंगा फिरवताना ते फार कमी पडतं. परत 150. मालिकेत रेझिस्टर टाकायचा विचार लगेच सोडला: भार वाढला की करंट वाढतो, रेझिस्टर जास्त व्होल्टेज खातो आणि जोर हवा तेव्हाच ॲक्च्युएटर ढिला पडतो.

मग नागपूरच्या बर्डीवरून नॉबवाला पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर (वीज भराभर तोडून-जोडून वेग कमी करणारा) आणला. इथे दोन चुका केल्या, त्या नीट सांगतो.

पहिली चूक: कंट्रोलर बॅटरीला लावला आणि त्याच्या पुढे सगळंच जोडलं, रिसीव्हरसकट. नॉब कमी करताच दिशा बदलणारे दोन्ही रिले (विजेवर चालणारे स्विच) टरटर वाजायला लागले, रिसीव्हर पुन्हा पुन्हा बंद-चालू. त्याला सलग 12 व्होल्टच लागतात. म्हणून रिसीव्हरला बॅटरीतून थेट वायर दिली आणि रिलेच्या संपर्कांना जाणारा पुरवठाच फक्त कंट्रोलरमधून घेतला.

दुसरी चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. नॉब फिरवतोय, वेग जराही बदलत नाही. मल्टीमीटर लावल्यावर उलगडलं. माझा कंट्रोलर निगेटिव्ह बाजू तोडतो-जोडतो, प्लस सरळ पुढे जातो. मी मात्र दोन्ही रिलेंचे एनसी (बटण न दाबता जोडलेले असतात ते संपर्क) सवयीने बॅटरीच्या निगेटिव्हला बांधले होते, त्यामुळे करंट कंट्रोलरला वळसा घालून जात होता. ती वायर काढून एनसी कंट्रोलरच्या 'मोटर मायनस'ला जोडले आणि नॉब कामाला लागला. बटण सोडलं की मोटरची दोन्ही टोकं याच मायनसवर एकत्र येतात, म्हणून ब्रेकही लागतो.

कंट्रोलर रिलेंच्या आधीच हवा. रिलेंनंतर, म्हणजे ॲक्च्युएटरच्या वायरीत लावला तर दिशा बदलताना त्याच्यावर उलटी पोलॅरिटी येते आणि साध्या मॉड्यूलचा डायोड किंवा मॉस्फेट (आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) जळू शकतो. बॅटरीजवळ 10 ॲम्पिअरचा फ्यूज मी आधीपासून ठेवलाय, तो काढू नका.

घरी टेबलावर नॉब 30 टक्क्यांवर ठेवून ॲक्च्युएटर सुरेख चालला. रविवारी पहाटे पाण्यात प्रोपेलरचा जोर लागल्यावर तिथेच गुणगुणत अडकला. हळूहळू वाढवत 50 टक्क्यांवर आणलं: टोक ते टोक सात सेकंद, हलक्या दाबाला दीड अंशाच्या आसपास. सेटिंग पाण्यातच करा, मोटर पूर्ण जोरात ठेवून. ॲक्च्युएटरच्या आतला स्क्रू स्वतःच अडून राहतो, त्यामुळे बटण सोडल्यावर दिशा टिकवायला करंट लागत नाही.

बाबांनी डाव्या हातात रिमोट धरून बांधाला समांतर डोंगा सरळ नेला. मध्ये वारा आला तेव्हा दोनदाच बटण दाबलं.

आता राहिलंय जोडणीच्या पिनीचं भोक. घासून 2 मिमी खेळ झालाय, म्हणजे पाऊण अंश फुकट जातो. लोहाओळीतून पितळी बुश (भोकात बसणारी नळी) आणायचा आहे. कंट्रोलरची पेटीही बंद आहे. मे महिन्यातल्या दुपारी आत किती तापतं ते मोजून सांगतो.