आमची वाटचाल : खालच्या तारेच्या मागोमाग

"दादा, ड्रॉप सी लावलं, तार नुसती लोंबतेय." पुण्यात गिटार दुरुस्तीचं वर्कशॉप सुरू केलं तेव्हाची बरीचशी कामं या एका वाक्यात बसत होती. ड्रॉप सी म्हणजे सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग. तेव्हा आमच्याकडे एक टेबल, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) कानशी आणि मल्टिमीटर एवढंच होतं. पुढे पेडल आली, मग व्हॉल्व्हचे अँप, आता मॉडेलर (अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे डबे). हेवी मेटल वाजवणाऱ्यांची सगळ्यात जाड तार जसजशी खाली उतरत गेली, तसतसं आमचं काम वाढत गेलं, एवढाच या धंद्याचा नकाशा.

सूर खाली उतरवणं नवं नाही. ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक, बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीने १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावली. त्याने बारीक तारा लावल्या आणि १९७१ च्या सुमाराला ब्लॅक सबाथचा सूर सी शार्पपर्यंत उतरवला, ते बोटांना त्रास कमी व्हावा म्हणूनही. आज येणाऱ्या पोरांना उलटं हवं असतं : सूर खाली, पण तार ताठ.

त्यामागचं गणित सोपं आहे. ६४८ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंची स्केलवर (स्केल म्हणजे नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी) ४६ ची तार (तारांचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) ई ला, म्हणजे ८२.४ हर्ट्झला लावली की ताण साधारण ८ किलो येतो. तीच सी ला, ६५.४ हर्ट्झला आणली की ५ किलो उरतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे घटतो. मग पिक लागताक्षणी सूर वर जातो आणि खाली येऊन स्थिरावतो, पाम म्यूट (तळहात टेकवून दाबलेला ठोका) गदळ होतं. तिथे ५६ किंवा ५८ ची तार हवी. लेस पॉलसारख्या ६२८ मिमी स्केलला ताण आणखी ६ टक्के कमी, म्हणून तिथे ५८ ते ६०.

दुकानातून सेट आणून चढवला की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. अडचण नटपासून सुरू होते. ४६ साठी कापलेल्या खाचेत ५६ ची तार पाव मिलिमीटर जाड पडते. ती खाचेच्या कडांवर बसते, ट्यून करताना "टिंग" आवाज करून उडी मारते आणि सूर कधीच जागेवर राहत नाही. खाच तारेच्या मापाच्या कानशीने, हेडस्टॉककडे किंचित उतार देऊन रुंद करायची. खोली तारेच्या अर्ध्या जाडीइतकी पुरे. कानस एकदा जास्त फिरली तर उघडी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते. मग हाडाची पूड आणि सायनोअ‍ॅक्रिलेटने खाच भरून पुन्हा कापावी लागते. हे तात्पुरतं. टिकाऊ उपाय म्हणजे नवा नट. नंतर पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्यावर ०.२ मिमी फट ठेवतो, ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बारीक तारेला १.५, जाड तारेला २ मिमी. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून तारेची लांबी जुळवणं. जाड तारेचं सॅडल (ब्रिजवरचा टेकू) मागे सरकतं आणि कधी स्क्रूच संपतो. तेव्हा सॅडलमागची स्प्रिंग कापली की दोनेक मिलिमीटर सुटतात.

ऋतूचाही हात असतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये फ्रेटबोर्ड आटतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागतात. जूननंतर तेच लाकूड ओलावा घेतं आणि नेकचा बाक बदलतो. म्हणून मे महिन्यात केलेलं सेटअप ऑगस्टमध्ये एकदा तपासायला सांगतो. ग्राहकाला ते पैसे उकळण्याचं निमित्त वाटतं, म्हणून ती तपासणी फुकट ठेवली आहे.

फ्लॉइड रोझ या स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या ब्रिजचं काम आम्ही दुप्पट मजुरीने घेतो, आणि कारण सांगून घेतो. तो ब्रिज तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्यावर तराजूसारखा तोललेला असतो. एक तार उतरवली की बाकी पाच चढतात. ब्रिज बॉडीला समांतर ठेवून मागच्या पोकळीत ब्रिजखालच्या धातूच्या ब्लॉकच्या स्प्रिंगांच्या बाजूला लाकडी ठोकळा अडकवायचा, नव्या तारा सुरात लावायच्या, मग स्प्रिंगांचे दोन लांब स्क्रू ठोकळा आपोआप सैल होऊन पडेपर्यंत फिरवायचे. तोवर फाइन ट्यूनर मधोमध असावेत. ३ मिमी अ‍ॅलनने तार धरणारा ठोकळा जास्त आवळला की त्याचा चुरा होतो. पूर्ण ताणावर ब्रिजचे खांब फिरवले की चाकूसारखी धार बोथट होते आणि ब्रिज परत जागेवर येईनासा होतो. ती धार गेली की बेसप्लेटच बदलायची. मुंबई-कोकणातून आलेल्या ब्रिजचे फाइन ट्यूनर गंजून जाम झालेले असतात, त्यांना आदल्या रात्रीच तेल देऊन ठेवतो. आणि मागच्या स्प्रिंगांखाली फोमची पट्टी. जलद रिफमधल्या थांब्यात जी "झिंग" ऐकू येते ती बहुधा अँपची नसून याच स्प्रिंगांची असते.

सोल्डरिंगचं काम आलं ते ईएमजी ८१ आणि ८५ मुळे. हे अ‍ॅक्टिव्ह पिकअप, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, त्यांना २५ किलोओहमचे पॉट (बटणामागचे बदलते रेझिस्टर) लागतात. जुने ५०० किलोओहमचे तसेच ठेवले की व्हॉल्यूमचं बटण स्विचसारखं वागतं : शेवटच्या चिमूटभर फेऱ्यात सगळा आवाज. जॅक स्टीरिओ हवा, कारण केबल घातल्यावरच बॅटरी चालू होते. अर्थात केबल रात्रभर गिटारमध्ये राहिली की बॅटरी रात्रभर खर्च होते. "पिकअप फाटतोय" अशा तक्रारीत आम्ही आधी बॅटरी मोजतो. ईएमजी ब्रिजला जाणारी अर्थिंगची तार काढायला सांगतं. आपल्याकडे ती काढण्याचं महत्त्व जास्त. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतील आणि हॉलच्या वायरिंगमध्ये घोळ असेल तर ओठ माइकला लागताच झटका बसतो. पॅसिव्ह पिकअपमध्ये ही तार काढता येत नाही, हम वाढतो. तिथे कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसीवर लावून गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यातला व्होल्टेज मोजायचा. दोन-तीन व्होल्टच्या वर काटा गेला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अँपच्या प्लगची अर्थ पिन मोडून हम घालवणाऱ्यांचं काम आम्ही पिन परत बसवल्याशिवाय घेत नाही.

पेडल दुरुस्तीत सर्वात जास्त बळी घेतले ते वायफाय राउटरच्या अ‍ॅडॅप्टरने. प्लग बसतो, पण तो बहुधा १२ व्होल्ट आणि मधली पिन धन. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण लागते. उलटा पुरवठा मिळाला की संरक्षणाचा डायोड शॉर्ट होतो, कधी त्याच्या मागचा रेझिस्टरही काळा पडतो. डायोड तपकीर गल्लीत रुपया-दोन रुपयांत मिळतो, मजुरी त्याच्या शंभर पट. डिजिटल आणि ड्राइव्ह पेडल एकाच साखळी केबलवर चालवली तर डिजिटलचा किणकिणाट ड्राइव्ह वाढवून देतो. त्याला वेगवेगळे, आयसोलेटेड आउटपुट असलेला सप्लाय हाच इलाज.

मेटलमध्ये ड्राइव्हचं पेडल आवाज फाडायला लावतात हा समजही मोडावा लागतो. ट्यूब स्क्रीमर हे ड्राइव्ह पेडल अँपच्या डिस्टॉर्शन चॅनलपुढे ठेवून ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. त्याच्या सर्किटमध्ये ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी आहे. ७२० हर्ट्झखालचा भाग त्यामुळे कमी वाढतो, आणि जाड तारेचा भोंगळ बास अँपच्या पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. खाली उतरवलेली गिटार घट्ट वाजते ती इथे. गेन वाढवून नव्हे. आमच्याकडे ट्रायलला येणाऱ्याच्या अँपचा गेन आम्ही न विचारता दोन घरं खाली आणतो, तक्रार क्वचितच येते.

याला ठळक अपवाद बॉस एचएम-२. हे पेडल १९८३ ते १९९१ मध्ये बनलं. स्टॉकहोमच्या डेथ मेटलवाल्यांनी त्याची चारही बटणं पूर्ण फिरवली आणि करवतीसारखा आवाज काढला. त्यात १०० हर्ट्झ आणि १ किलोहर्ट्झच्या आसपास मोठे उंचवटे आहेत. जुना एचएम-२ जुन्या पद्धतीच्या एसीए अ‍ॅडॅप्टरसाठी आहे. आजचा ९ व्होल्टचा पीएसए अ‍ॅडॅप्टर लावला की दिवा मंद होतो, आवाज दुबळा पडतो. पेडल बिघडलेलं नसतं. बॅटरी लावून बघा, मग आमच्याकडे या.

व्हॉल्व्ह अँप आम्ही उशिरा घ्यायला लागलो, कारण आत ४५०-५०० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच हात. अमेरिकेहून नातेवाइकांकरवी आलेले ५१५० किंवा रेक्टिफायर अँप १२० व्होल्टचे असतात. थेट भिंतीत लावले तर नशीब चांगलं असल्यास फ्यूज जातो. १२० वॅटच्या हेडला (स्पीकरशिवायच्या अँपला) स्टेप-डाउन किमान ५०० व्हीए घ्यावा आणि त्याच्या आउटपुटला अर्थ खरंच पोहोचते का ते तपासावं. अनेक स्वस्त डब्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते.

बायसचा, म्हणजे काही वाजत नसताना व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या करंटचा हिशेब असा : मार्शल जेसीएम ८०० अँपमधला ईएल३४ व्हॉल्व्ह २५ वॅटचा. त्याच्या ७० टक्के, म्हणजे १७.५ वॅट, भागिले प्लेटचे ४६० व्होल्ट, ३८ मिलिअँपियर. आम्ही ३५ वर थांबतो. कारण घरातले २३० व्होल्ट रात्री उशिरा २५० होतात आणि त्या हिशेबाने प्लेटही ५०० वर जाते. मूळ ५१५० मध्ये बायस फिरवायला पॉटच नाही, कारखान्यातून तो थंड ठेवलेला येतो. हवा असेल त्याला पॉट बसवून देतो, पण आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल असं सांगून मजुरी घेत नाही. व्हॉल्व्ह बाहेरूनच येतात. २०२२ मध्ये रशियातल्या सारातोवचा माल अडकला तेव्हा भाव चढले. तेव्हापासून काढलेले चालू व्हॉल्व्ह टाकत नाही, मोजून, आकडा लिहून ठेवतो. किणकिणणारा १२एएक्स७ (अँपचा छोटा व्हॉल्व्ह) शोधायला पेन्सिलीने एकेकाला टिचकी मारा, जो स्पीकरमधून ओरडेल तो बदला.

कॅबिनेटमुळे होणारं नुकसान सर्वात महाग. १६ ओहमचे चार व्हिंटेज ३० स्पीकर सीरिज-पॅरलल जोडले की १६ ओहम, आणि हेडचा स्विचही १६ वरच हवा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह हेड वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेड आणि कॅबिनेटच्या मध्ये गिटारची केबल लावली तर ती बारीक तार तापते, तुटते, आणि परिणाम तोच.

मॉडेलर आल्यापासून अँपची कामं कमी झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स, किंवा नुसता लॅपटॉप आणि इंटरफेस. इथल्या चुका दोनच. मॉडेलरमधली कॅबिनेटची नक्कल चालू ठेवून खऱ्या कॅबिनेटमध्ये वाजवणं, त्याने आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. आणि पीएला (हॉलच्या स्पीकरना) थेट देताना वरचं-खालचं न कापणं. ८० ते १०० हर्ट्झखाली आणि ७ किलोहर्ट्झवर कापलं की बास गिटारला आणि झांजांना जागा मिळते. लॅपटॉप चार्जरवर गुणगुणला तर आधी चार्जर काढून बघा.

सध्या टेबलवर सात आणि आठ तारांच्या गिटारच जास्त. आठवी तार एफ शार्प, ४६ हर्ट्झ. ६४८ मिमीवर ती चालते म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही, पण ६८६ मिमीच्या खाली आम्ही सुचवत नाही. ७४ ची तार कित्येक ट्यूनरच्या (तार गुंडाळायच्या खुंटीच्या) भोकात शिरत नाही. भोक मोठं करण्याआधी बारीक होत गेलेल्या टोकाची तार मिळते का बघतो. आणि कुठलीही जाड तार पोस्टपाशी आधी काटकोनात वाकवून मगच कापायची, नाहीतर वरचं वेटोळं सुटतं आणि ती तार पहिल्या दिवसापासून मुकी वाजते. सेटअपला गिटार देताना नव्या तारांचा सेट आणि कागदावर लिहिलेलं ट्यूनिंग सोबत द्यावं. "थोडं खाली" हे ट्यूनिंग नाही.