टॉवेल-टोपी

एप्रिलची दुपार. लाइट होती, एवढंच काय ते सुख. भाचा सुट्टीला आलेला, जेवल्यापासून कॉम्प्युटरसमोर. एकदम ओरडला, "मामा, मी थेन झालो!"

मला वाटलं, कुठल्या परीक्षेचा निकाल लागला.

तसलं काही नव्हतं. 'स्कायरिम' नावाचा २०११ सालचा गेम. त्यात नऊ परगणे, एकेकावर एक यार्ल बसलेला. ह्यानं ड्रॅगन मारला म्हणून व्हाइटरनच्या यार्लनं ह्याला थेन केलं. म्हणजे मानकरीच की. वर लिडिया नावाची एक हत्यारबंद बाई दिली, रक्षणाला आणि ओझी उचलायला. घर मात्र पाच हजार मोहरा मोजून ज्याचं त्यानं घ्यायचं.

"मग थेन होऊन फायदा काय?"

"छोटा गुन्हा केला तर पहारेकऱ्याला सांगायचं, मी थेन आहे. सोडतो तो."

"दरवेळी?"

"नाही, एकदाच."

वशिल्याला निदान हिशोब तरी आहे म्हणायचा. आणि एवढं होऊन पहारेकरी येता-जाता टोमणे मारतातच म्हणे. हे मला फार पटलं.

आमचे आजोबा गिरणीत जॉबर होते, म्हणजे साचेखात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. अख्खी गल्ली त्यांना जॉबर म्हणायची, आजीला जॉबरीण. रिटायर झाले, पुढं गिरणीचा भोंगाही बंद पडला, पण हाक तीच. एका लग्नात माइकवर आहेराची नावं पुकारत होते. आजोबांचं नाव आलं, पण नुसतं नाव, मागं-पुढं जॉबर नाही. हातात टॉवेल-टोपी. त्यांच्या आधी दोघांना फेटे बांधलेले.

"टॉवेल? सोलापुरात मला टॉवेल देतोय?"

"अवं, घ्या की गुमान," आजी कुजबुजली.

आजोबांनी टॉवेलची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली, वर टोपी ठेवली आणि निघाले. मी पंगतीला बसलो होतो. पानात दोन जिलब्या नुकत्याच पडल्या होत्या. एक तोंडात घालणार, तेवढ्यात दंडाला धरून उठवलं. ती जिलबी मला अजून दिसते. कडेला पाक जमलेली, मधे जरा करपलेली.

दुसऱ्या दिवशी यजमान स्वतः फेटा घेऊन घरी आले. आजोबांनी त्यांच्यासमोर तो बांधून घेतला, त्यांना चहा पाजला, आणि पुन्हा कधी डोक्याला लावला नाही. पुढं आईनं त्याची झोळी केली धाकट्या बहिणीसाठी. हा थेन तिचाच.

घटनेच्या अठराव्या कलमानं किताब गेले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे गेले, आमच्या शेजारच्या अक्कलकोटकरांसकट. मांडवातला माइक कुणाला आवरला नाही. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, निघतात, त्यातही पहिला कुठला, मग कुठला, हे इथं लहान पोरालाही विचारा.

आजोबांची ही गोष्ट मी हसत हसत सांगतो. फेब्रुवारीत एका लग्नात मला टॉवेल-टोपी आली. शेजारच्या खुर्चीवरच्याला फेटा. टॉवेल चांगला आहे, जाड, पाणी मस्त ओढतो. रोज वापरतो.

त्या यजमानांकडं जाणं मात्र अजून झालेलं नाही.