स्ट्रिपवरचा लायसन्स नंबर म्हणजे मंजुरी नव्हे

गोळ्यांच्या स्ट्रिपवर छापलेला उत्पादन परवान्याचा नंबर हा राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने कारखान्याला दिलेला असतो. दोन-तीन औषधं पहिल्यांदाच एका गोळीत घातली की कायद्याने ते नवीन औषध होतं आणि त्याची मंजुरी दिल्लीच्या औषध महानियंत्रकाकडूनच लागते. अनेक राज्यांनी ती न बघताच परवाने दिले, आणि अशी कॉम्बिनेशन्स वर्षानुवर्षं खपली. नुसत्या स्ट्रिपवरून केमिस्टला हे कळायला मार्ग नाही.

विक्री हमखास थांबते ती औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26-अ खाली केंद्र सरकारची बंदीची अधिसूचना निघाल्यावर. मार्च 2016 मध्ये 344 कॉम्बिनेशन्सवर बंदी आली, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरतपासणीला पाठवलं आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 बंद झाली. 21 सप्टेंबर 1988 च्या (नवीन औषधाचे नियम आले त्या तारखेच्या) आधीपासून बनत असल्याचा दावा असलेली 15 तेव्हा सुटली, पण नव्याने तपासायची मुभा सरकारला होतीच. 2 जून 2023 ला त्यांतली 14 गेली. ‘इतकी वर्षं चालतंय’ हा बचाव तिथेच संपला.

बंदी ब्रँडवर नसते, कंपोझिशनवर असते. म्हणून बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये घटकांवरून शोधा; नावावरून शोधलं तर नागपूरच्या गंजीपेठेतल्या दवा बाजारातून आलेले कमी खपाचे ब्रँड हमखास सुटतात. डोसेज फॉर्मही, म्हणजे औषध गोळी आहे की सिरप, तेही वाचा. 2023 च्या यादीत निमेसुलाइड-पॅरासिटामॉलच्या पुढे ‘डिस्पर्सिबल गोळी’ असं लिहिलंय, तर क्लोरफेनिरामिन-कोडीनच्या पुढे ‘सिरप’. न्यायालयाची स्थगिती असेल तर ती कोणाला आणि कशासाठी मिळाली ते आदेशातच बघा. एमआरच्या (कंपनीच्या औषध प्रतिनिधीच्या) व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबू नका.

सापडलेला माल त्याच दिवशी शेल्फवरून काढायचा, ‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेल्या खोक्यात ठेवायचा, आयटम ब्लॉक करायचा. परत पाठवताना चलनावर बॅच नंबर आणि नग लिहा, होलसेलरची पोच जपून ठेवा. एक्सपायरीच्या मालात तो मिसळू नका, नाहीतर तपासणीत हिशेब लागत नाही. 26-अ मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड मात्र जेमतेम पाच हजारांपर्यंत.

डॉक्टरने बंदी आलेलंच औषध लिहून दिलं तर? शेड्यूल एच मधल्या (प्रिस्क्रिप्शनवरच विकायच्या) औषधाऐवजी मनाने दुसरं देता येत नाही, औषध नियमावलीतला नियम 65 आडवा येतो. डॉक्टरला फोन करून प्रिस्क्रिप्शन बदलून घ्या.